वाळवंट नामिबचं, पाणी अटलांटिकचं

पहिला दिवस: विंडहुक

नामिबियाच्या राजधानीत, विंडहुकला उतरलो तेव्हा दुपारचं लख्ख ऊन होतं आणि आमच्या अंगात स्वेटर होते. शहर समुद्रसपाटीपासून साधारण १६५० मीटर उंचावर, त्यात जुलै म्हणजे तिथला ऐन हिवाळा. सावलीत हुडहुडी भरायची, उन्हात पाऊल टाकलं की चटका. आम्ही चौघं होतो: मी, नवरा, धाकटे दीर आणि जाऊ. वाळवंटाची हौस भाऊजींची, नकाशे नवऱ्याकडे आणि खाण्यापिण्याचा कारभार आम्हा दोघींकडे.

गाडी डबल कॅब पिकअप. टपावर घडीचे दोन तंबू, मागे फ्रिज, गॅसची शेगडी, भांडी आणि दोन स्टेपन्या. गाडी ताब्यात देणाऱ्या मुलीने दीड तास एकेक गोष्ट समजावली. तिचा सगळा भर एकाच मुद्द्यावर होता: खडीच्या रस्त्यावर ताशी ८० च्या वर जायचं नाही. गाडीत वेग नोंदवणारं यंत्र होतंच. "इथे पाहुण्यांना सिंह मारत नाहीत, त्यांचे स्वतःचे पाय मारतात, अ‍ॅक्सिलेटरवरचे," असं ती इतक्या शांतपणे म्हणाली की नवऱ्याने ते वाक्य प्रवासभर जपलं.

जाणाऱ्यांसाठी दोन-तीन गोष्टी इथेच सांगते. गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे आपल्याला वेगळी सवय करावी लागत नाही. नामिबियन डॉलर आणि दक्षिण आफ्रिकेचा रँड एकास एक. देशात दोन्ही चालतात, पण नामिबियन डॉलर बाहेर कुणी घेत नाही, म्हणून हिशेबानेच काढावेत. शहर सोडण्याआधी माणशी रोजचं चार-पाच लिटर पाणी गाडीत हवं. आणि पंप दिसला की टाकी भरायची, ती अर्धी असली तरी. पुढचा पंप दोनशे किलोमीटरवर असतो, आणि तिथलं डिझेल नेमकं त्या दिवशी संपलेलं असू शकतं.

दुसरा दिवस: विंडहुक ते सेस्रिएम

अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या आत, पण दिवस अख्खा गेला. डांबर शहराबाहेर लवकरच संपलं. आम्ही श्प्रेट्सहोग्ते घाटातून उतरायचं ठरवलं होतं. हा घाट इतका सरळ खाली जातो की सर्वात तीव्र उताराच्या पट्ट्यांवर खडी टिकतच नाही, तिथे सिमेंटचे ठोकळे बसवलेत. वरच्या कड्यावर गाडी थांबवली आणि समोर एकदम हजारभर मीटर खाली पसरलेली पिवळी जमीन दिसली, क्षितिजापर्यंत. चौघांपैकी कुणीच बराच वेळ काही बोललं नाही. शेवटी जाऊ म्हणाली, "यात आपण राहायचंय?"

घाट उतरून तासभर झाला आणि मागचं उजवं चाक बसलं. खडीचा रस्ता वाहनांमुळे आडव्या लाटांचा बनतो. गाडी पन्हाळी पत्र्यावरून धावल्यासारखी थडथडत राहते, आणि त्यात एखादा टोकदार दगड आपलं काम करून जातो. आम्ही जॅक लावला, तर तो मऊ जमिनीत रुतायला लागला. एवढ्यात समोरून एक पिवळा ग्रेडर आला. रस्ते सपाट करणारं हे यंत्र चालवणारी माणसं महिनोन् महिने रस्त्यावरच असतात, राहायची खोली मागे जोडून फिरतात. त्या गृहस्थाने इंजिन बंद केलं, खाली उतरला, आधी आम्हा दोघींना वाकून नमस्कार केला, सगळ्यांची चौकशी केली आणि मगच चाकाकडे बघितलं. मग एक चपटा दगड शोधून आणला, जॅकखाली सरकवला. गाडी उचलायच्या आधीच नट सैल करून घेतले. पंधरा मिनिटांत स्टेपनी लागली.

पैसे घेतले नाहीत. थंड पाण्याची बाटली आणि संत्री घेतली. जाताना त्याने आमच्या चारही टायरांची हवा थोडी कमी करून दिली. खडीवर हवा जरा कमी असली की टायर दगडाला दबून वाट देतो, फुटत नाही, हे त्याने अंगठा आणि तळव्याने दाखवलं. त्यानंतर एकही चाक बसलं नाही.

फुटलेला टायर सॉलिटेअरला दुरुस्त झाला. सॉलिटेअर म्हणजे एक पेट्रोलपंप, एक दुकान, एक बेकरी आणि वाळूत गंजत उभ्या केलेल्या जुन्या मोटारींची रांग. बेकरीतला अ‍ॅपल पाय जगप्रसिद्ध आहे. तो प्रसिद्ध करणारे 'मूस' मॅकग्रेगर २०१४ साली वारले, अ‍ॅपल पाय मात्र अजून त्याच मोठ्या पत्र्याच्या ट्रेमधून कापून देतात. वरचा थर भुसभुशीत, आत दालचिनीचा सढळ हात. प्रसिद्ध गोष्टींबद्दल माझा अनुभव सहसा बरा नसतो, पण दुसरी वडी मागितली हे खरं.

सेस्रिएम म्हणजे नामिब-नौक्लुफ्ट राष्ट्रीय उद्यानाचं प्रवेशद्वार. तिथे सूर्यास्ताच्या आधी पोचायलाच हवं. अंधारात कुडू आणि ओरिक्स ही मोठी हरणं रस्त्यावर येतात. कुडू घोड्याएवढा असतो आणि दिव्यांच्या दिशेनेच उडी मारतो. शिवाय उद्यानाचं फाटक बंद होतं. आमची तंबूची जागा एका मोठ्या कॅमलथॉर्न बाभळीखाली होती. रात्री शेजारच्या तंबूतल्या डच मुलाचा एक बूट कोल्ह्याने पळवला. काळ्या पाठीचे हे कोल्हे कँपमध्ये निर्धास्त फिरतात. खाणं आणि चपला गाडीत ठेवा, असं पाटीवर लिहिलेलंच असतं. तो मुलगा दुसऱ्या दिवशी एका पायात बूट आणि एका पायात सँडल घालून टेकडी चढताना दिसला.

आकाशाबद्दल फार लिहीत नाही. नामिबरँड हे जवळचंच राखीव क्षेत्र २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय डार्क स्काय रिझर्व्ह ठरलंय, यावरून अंदाज यावा. मॅजेलनचे दोन ढग, म्हणजे आपल्या आकाशगंगेच्या शेजारच्या दोन छोट्या दीर्घिका, नुसत्या डोळ्यांनी दिसले. भाऊजी त्यांना आधी खरेच ढग समजले आणि उद्या पाऊस येणार म्हणून वाद घालत बसले.

तिसरा दिवस: सोसुसव्ले आणि डेडव्ले

जुलैत तिथे सूर्य साडेसातच्या सुमारास उगवतो, त्यामुळे पहाटे उठण्याचा त्रास वाटतो तेवढा नाही. त्रास थंडीचा. तंबूबाहेर आलो तेव्हा गाडीतलं तापमान ४ अंश दाखवत होतं आणि तंबूच्या चेनला हात लावला की बोटं गारठत होती. लोकरी टोपी आणि हातमोजे न्याच, वाळवंट आहे म्हणून हसू नका.

इथली मेख फाटकात आहे. उद्यानाच्या आतल्या कँपवर राहिलात, तर आतलं फाटक सूर्योदयाच्या तासभर आधी उघडतं. बाहेरच्या लॉजवाल्यांना सूर्योदयापर्यंत थांबावं लागतं. हा एक तास म्हणजे सोसुसव्ले या टेकड्यांमधल्या तळाकडे जाणारा ६० किलोमीटरचा डांबरी रस्ता आणि पहिली उन्हं यांच्यातलं अंतर. म्हणून आतला कँप महिनोन् महिने आधी बुक करावा, बाकी सोय कशीही असो.

शेवटचे पाच किलोमीटर निव्वळ वाळू. फोर बाय फोर नसेल, तर तिथून शटल मिळते. असेल, तरीही टायरची हवा आणखी उतरवावी लागते. शटलचा चालक आमच्याकडे लक्ष ठेवून होता. "मेमे, त्यांना सांगा, वाळूत ब्रेक मारायचा नाही," असं त्याने मला बजावलं. (आईच्या वयाच्या बाईला तिकडे मेमे म्हणतात. मी तेवढी दिसते हे त्या दिवशी कळलं.) वाटेत फसलेल्या दोन गाड्या त्यानेच ओढून काढल्या, आणि दोन्ही वेळा चालकाला एक शब्दही लावून बोलला नाही.

बहुतेक जण ४५ क्रमांकाच्या वाळूच्या टेकडीवर सूर्योदय बघतात. सेस्रिएमपासून ४५ किलोमीटरवर म्हणून तिचा नंबर तो. आम्ही ती सोडून थेट पुढे गेलो, आणि तो निर्णय मला अजून बरोबर वाटतो. डेडव्लेत सकाळी लवकर पोचलो तर मोजून सात-आठ माणसं होती.

डेडव्ले हा पांढऱ्या चिकणमातीचा वाळलेला तळ. चारी बाजूंना नारिंगी टेकड्या, मधे काळेठिक्कर खोड-फांद्या घेऊन उभी कॅमलथॉर्नची झाडं. पूर्वी त्सौखाब नदीचं पुराचं पाणी इथवर यायचं, त्यावर ती वाढली. मग वाळूने नदीची वाट अडवली. झाडं मरून सहा-सातशे वर्षं झाली, पण कुजली नाहीत, कारण कुजायलाही ओल लागते. त्यांना हात लावायला बंदी आहे. जवळ जाऊन पाहिलं तर खोडावर बारीक चिरांची जाळी होती आणि एका ढोलीत कोळ्याचं ताजं जाळं. एवढ्या मेलेल्या जागी कोळी काय खातो, हे दोन दिवसांनी कळायचं होतं.

मग बिग डॅडी ही वाळूची टेकडी. जवळपास सव्वातीनशे मीटर उंच. वाळूच्या धारेवरून चढायचं आणि पुढच्याने टाकलेल्या पावलातच पाऊल ठेवायचं. दोन पावलं वर, एक खाली. भाऊजी पहिल्या वळणापर्यंत भराभर गेले आणि तिथेच बसले. जाऊ मात्र न थांबता, न बोलता टोकावर पोचली आणि तिथून ओरडली, "वहिनी, यांना म्हणावं, पाणी संपलं तर परत जा." आम्हाला चढायला पावणेदोन तास लागले. उतरताना सरळ उतारावरून डेडव्लेत धावलो. टाच रोवत, गुडघे सैल सोडून, दहा मिनिटांत खाली. उतरताना वाळू पायाखाली गुरगुरते, हे कुणी सांगितलं नव्हतं. घसरणाऱ्या थरांचा तो आवाज हाडांत जाणवतो.

संध्याकाळी कँपवर नवऱ्याने नकाशा पसरला. ही वाळू इथली नाहीच. लेसोथोच्या डोंगरात उगम पावणारी ऑरेंज नदी ती अटलांटिकपर्यंत आणते. समुद्रातले प्रवाह आणि लाटा किनाऱ्याकिनाऱ्याने ती उत्तरेला ढकलतात, आणि दक्षिणेकडून येणारा वारा ती उचलून आत आणून टाकतो. आत आलेली वाळू जितकी जुनी, तितका तिच्या कणांवर लोहाचा गंज जास्त, म्हणून किनाऱ्याकडची फिकी आणि इथली तांबडी. हा 'वाळूचा समुद्र' २०१३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात गेला. त्या कागदपत्रांमध्येही त्याचं वेगळेपण समुद्राच्या धुक्यावरून सांगितलं आहे. तोवर आम्ही धुक्याचा विचारही केला नव्हता.

चौथा दिवस: कुइसेब ओलांडून समुद्राकडे

सी १४ हा रस्ता मकरवृत्त ओलांडतो. तिथल्या पाटीवर जगभरच्या लोकांनी इतके स्टिकर चिकटवलेत की अक्षरं शोधावी लागतात. पुढे गाउब आणि कुइसेब असे दोन घाट लागतात. खडक काळेकरडे, तिरपे चिरलेले. हेनो मार्टिन आणि हेरमान कोर्न हे दोन जर्मन भूगर्भशास्त्रज्ञ दुसऱ्या महायुद्धात नजरकैद टाळण्यासाठी इथल्याच दरीत अडीच वर्षं लपून राहिले, कुत्र्यासह. आम्ही वरून त्या दरीकडे पाहत संत्री सोलत बसलो होतो. दोन रात्री तंबूत काढून कंबर धरली असल्याची माझी तक्रार मी मुकाट्याने मागे घेतली.

कुइसेब नदीची खरी गंमत पात्रात आहे. एरवी कोरडी असते, पण वरच्या डोंगरात पाऊस झाला की पूर येतो आणि दक्षिणेकडून सरकत आलेली वाळू धुऊन नेतो. म्हणून नदीच्या दक्षिणेला वाळूच्या टेकड्या, आणि उत्तरेला सपाट खडीचं मैदान. उपग्रहाच्या चित्रात ही रेघ चाकूने कापल्यासारखी स्वच्छ दिसते. वर्षातले थोडेच दिवस वाहणारी नदी एवढ्या वाळवंटाला 'बास' म्हणते.

मैदानात दीड तास काहीच नाही. मग क्षितिजावर करडी भिंत दिसली. डोंगर असेल असं वाटलं, नकाशात डोंगर नव्हता. दहा मिनिटांत आम्ही तिच्यात शिरलो. गाडीतलं तापमान २७ वरून १३ वर आलं, काचेवर पाणी जमलं आणि नवऱ्याने वायपर चालू केले. नामिब वाळवंटात, भर दुपारी, वायपर. खिडकीतून हात बाहेर काढला तर बाही ओली झाली.

स्वाकोपमुंडमध्ये जर्मन वसाहतीच्या काळातली घरं, लाकडी पट्ट्यांच्या भिंती, उंच छपरं, बेकरीत ताजे ब्रोटशेन, म्हणजे छोटे जर्मन पाव. शहर १८९२ मध्ये बंदर म्हणून वसवलं गेलं. वसाहतीच्या इतिहासाचा दुसरा भागही याच गावात आहे. १९०४ ते १९०८ दरम्यान जर्मन सैन्याने हेरेरो आणि नामा लोकांचा संहार केला, त्यातल्या कैद्यांची छावणी इथे होती. सुबक कॅफेत बसून केक खाताना ही गोष्ट माहीत असलेली बरी. गावाबाहेर त्या निनावी कबरींचं मैदान आहे, मातीचे नुसते उंचवटे. आम्ही तिथे गेलो, फुलं ठेवली आणि परत आलो.

पाचवा दिवस: वाळूत राहणारे

सकाळची 'लिव्हिंग डेझर्ट' सफर ही मला संपूर्ण प्रवासात सर्वात आवडलेली गोष्ट, बिग डॅडीपेक्षाही. शहराच्या कडेला लागूनच टेकड्या सुरू होतात. वाटाड्या पन्नाशीचा, अनवाणी, बोलण्यात मिश्कील. गाडी हळू चालवत तो वाळूवरच्या खुणा वाचत जायचा. एका जागी थांबला, उतरला, गुडघ्यावर बसला आणि झुडपाच्या सावलीतल्या वाळूकडे बोट दाखवलं. आम्हाला वाळूच दिसली. "नीट बघा." अजून वाळूच. मग दोन कण हलले आणि ते डोळे होते.

पेरिंग्वेज अ‍ॅडर. फुरशाच्याच कुळातला, वीतभर लांबीचा साप. डोळे डोक्याच्या वरच्या बाजूला, त्यामुळे अख्खा वाळूत पुरून बसला तरी बघू शकतो. शेपटीचं काळं टोक वर काढून किड्यासारखं हलवतो, पाल भुलून आली की संपली. वाटाड्याने लांब आकड्याने हळूच वाळू सरकवली तसा तो उठला आणि तिरका तिरका, अंग उचलत टेकडी चढून गेला. मागे वाळूवर सुट्या, समांतर रेघा राहिल्या. धुकं पडलं की हा साप स्वतःच्या अंगावर जमलेले थेंब चाटून पितो.

मग भुंगेरे. टेकडीवर इकडेतिकडे धावणारे काळे, लांब पायांचे. त्यातली ओनिमाक्रिस उंग्विक्युलारिस ही जात धुक्याच्या पहाटे टेकडीच्या धारेवर चढते, वाऱ्याकडे तोंड करते, मागचा भाग वर करून डोकं खाली घालते. धुकं पाठीवर साचतं, थेंब ओघळून तोंडात येतो. आम्हाला त्या मुद्रेतला एक दिसला, फक्त एक, आणि तोही आमची चाहूल लागताच सरळ होऊन पळाला. कुइसेबकाठच्या गोबाबेब संशोधन केंद्रात १९६० च्या दशकापासून या सगळ्याचा अभ्यास चालतो.

धुकं का पडतं हे वाटाड्याने पाण्याच्या बाटलीवर समजावलं. फ्रिजमधली बाटली बाहेर काढून गाडीच्या टपावर ठेवली, ती घामेजली. बेंग्वेला हा थंड प्रवाह किनाऱ्याला लागून उत्तरेकडे वाहतो. समुद्रावरची दमट हवा त्याच्यावर आली की गार होते आणि धुकं बनते. पण गार हवा जड, ती वर चढत नाही. वर चढली नाही, तर पावसाचे ढग कुठून? स्वाकोपमुंडला वर्षाला जेमतेम १५-२० मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे वाळवंट करणाराही समुद्र आणि त्यातल्यांना पाणी पाजणाराही तोच.

पारदर्शक कातडीची पाल तळव्यावर घेऊन दाखवली, तिची पावलं पडद्याची. तिला पापण्या नाहीत, डोळ्यावर वाळू बसली की जिभेने पुसते. शेवटी नमाक्वा कॅमेलिऑन, रंग बदलणारा सरडा. सकाळच्या गारव्यात ऊन शोषायला काळा झालेला, तापला तसा डोळ्यांदेखत फिका होत गेला. "आणि हे सगळे खातात काय?" जाऊने विचारलं. वाटाड्याने उताराच्या पायथ्याशी साचलेला गवताच्या काड्यांचा, बियांचा, मेलेल्या किड्यांचा चुरा मुठीत घेतला. हा चुरा वाऱ्याने आत येतो, तो भुंगेरे खातात, भुंगेऱ्यांना पाली आणि कोळी, पालींना साप. डेडव्लेतल्या कोळ्याचा हिशोब लागला.

दुपारी सँडबोर्डिंग. मेण लावलेल्या पातळ फळीवर पोटावर झोपायचं आणि उतारावरून सुटायचं. तोंड बंद ठेवायचं, एवढीच एक सूचना. भाऊजींनी ती पाळली नाही.

सहावा दिवस: सँडविच हार्बर

सँडविच हार्बर या किनाऱ्याची ही सहल स्वतःच्या गाडीने करू नका. वाट ओहोटीतच असते, एका बाजूला टेकड्यांचा उभा कडा आणि दुसऱ्या बाजूला लाटा. भरती लागली की मधली पट्टी नाहीशी होते. तिथल्या चालकांना भरतीचं वेळापत्रक तोंडपाठ असतं, आणि परवानाही तेच काढतात.

सुरुवात वॉल्व्हिस बेच्या खाडीपासून. फ्लेमिंगो चिखलात गोल गोल फिरत चोचीने गाळत होते. शेजारी मिठागरं, त्यातलं काही पाणी चक्क गुलाबी. हे बंदर नामिबियाच्या स्वातंत्र्यानंतरही दक्षिण आफ्रिकेकडेच होतं. देश १९९० मध्ये स्वतंत्र झाला, वॉल्व्हिस बे मिळालं १९९४ मध्ये.

कुइसेबच्या मुखापाशी चालकाने नारा दाखवली. पानं नसलेली, नुसत्या हिरव्या काट्यांची जाळी, वाळूच्या ढिगावर पसरलेली. पानांचं काम काटे आणि खोडच करतात, मुळं खोल जाऊन जमिनीखालचं पाणी शोधतात. कुइसेबकाठचे टॉपनार लोक पिढ्यान् पिढ्या हिची काटेरी फळं गोळा करत आलेत. गर शिजवून ठेवतात, बिया सोलून खातात. चालकाची आजी त्यांच्यातली. त्याच्या डब्यात भाजलेल्या बिया होत्या, भोपळ्याच्या बियांपेक्षा जास्त तेलकट आणि थोड्या गोडसर. त्याने एक बी दातांत उभी धरून साल कशी उडवायची ते दाखवलं. मला जमलं नाही, जाऊला लगेच जमलं.

मग टेकड्या थेट समुद्रात उतरतात तो भाग. गाडी धारेवर नेऊन त्याने क्षणभर थांबवली. पुढचा उतार दिसेनाच, फक्त खाली पांढरा फेस. "सीटबेल्ट?" असं विचारून त्याने गाडी सोडली. मी डोळे मिटले होते, त्यामुळे पुढचं वर्णन भाऊजींकडून घ्यावं. दुपारी वाळूवर टेबल मांडून वॉल्व्हिस बेचे कालव आले, लिंबू पिळून, बर्फावर. वाऱ्याने प्रत्येक घासात थोडी वाळू मिसळत होती आणि कुणाची तक्रार नव्हती.

सातवा दिवस: पूर्वेचा वारा

सकाळी उठलो तर धुकं गायब आणि गरम. हिवाळ्यात मधूनच आतल्या पठारावरून पूर्वेचा कोरडा वारा सुटतो. उतरताना हवा दाबली जाऊन तापते, आणि काल स्वेटर घालणारं गाव आज तिशीच्या पुढे जातं. रस्त्यावर वाळूचे पट्टे धावत होते, दात कचकचत होते. यजमानीण बाई मात्र खूश होत्या, कारण धुतलेले कपडे अखेर वाळणार होते. वाटाड्याच्या मुठीतला तो चुरा टेकड्यांपर्यंत आणणारा वारा हाच. असा वारा सुटला की गाडी किनाऱ्याकडच्या रस्त्यावर नेऊ नका. काच आणि रंग दोन्ही खरवडून निघतात, आणि विम्यात ते बहुतेक धरत नाहीत.

दुपारी वारा पडल्यावर वेल्विचिया या वनस्पतीच्या मैदानात गेलो. त्यासाठी परवाना स्वाकोपमुंडच्या सरकारी कार्यालयातून आधी घ्यावा लागतो. वाटेतल्या खडीवर करडं-नारिंगी दगडफूल पसरलेलं असतं. बाटलीतलं थोडं पाणी शिंपडलं, तर मिनिटभरात ते उघडून हिरवट झालं. हेही धुक्यावर जगणारं. त्यावरून गाडीचं चाक गेलं, तर खूण कित्येक दशकं राहते, म्हणून आखलेली वाट सोडू नये.

वेल्विचिया दिसायला देखणी नाही. फाटक्या पट्ट्यांचा ढीग, मधे लाकडी वाटी. पानं मात्र दोनच, जन्मभर तीच. बुंध्याकडून वाढतात आणि टोकाकडून झिजत-फाटत जातात. काही झाडं हजार वर्षांच्या वरची मानतात. नर वेगळा, मादी वेगळी. देशाच्या राजचिन्हात तिला जागा आहे, आणि ते मला फार पटलं.

आठवा दिवस: झैला आणि श्पिट्सकोपे

उत्तरेला जाताना हेंटीस बेच्या अलीकडे किनाऱ्यापासून थोडं आत एक जहाज लाटांत रुतलेलं दिसतं. नाव झैला. मासेमारीची ही बोट भंगारात निघाली होती आणि २००८ मध्ये ओढून मुंबईला नेली जात होती. वॉल्व्हिस बे सोडल्यावर थोड्याच वेळात दोर तुटला आणि ती इथे येऊन बसली. आता तिच्यावर पाणकावळ्यांची वसाहत आहे. "पोचली असती, तर आत्तापर्यंत तिच्या सळया होऊन कुठल्यातरी बिल्डिंगीत असत्या," भाऊजी म्हणाले. किनाऱ्यावर गारगोट्या विकणारे बरेच जण मागे लागतात. घासाघीस चालते, पण गाडी बंद करून जाताना सामान नजरेआड ठेवा.

श्पिट्सकोपे म्हणजे सपाट मैदानातून अचानक उठलेले ग्रॅनाइटचे सुळके, सर्वात उंच १७२८ मीटर. कँप गावकरी चालवतात. जागा एकमेकींपासून इतक्या लांब की शेजारी दिसत नाहीत. नळ नाही, पाणी आपलं आपण आणायचं. संध्याकाळी खडक तांबडे होऊन रात्री उशिरापर्यंत ऊब सोडत राहिले. आम्ही पाठ टेकून बसलो आणि शेगडीवर खिचडी केली. सगळ्या प्रवासात एवढ्या गरम पाठीने जेवलो नव्हतो.

नववा दिवस: परत विंडहुक

डांबरी रस्ता, गाड्यांची रांग, सिग्नल. गाडी दुपारी परत दिली. तपासणाऱ्याने टायर आणि काच सोडून दुसरं काही पाहिलं नाही.

मग टॅक्सीने काटुटुरात, सिंगल क्वार्टर्सच्या बाजारात. काटुटुरा ही वर्णभेदाच्या काळात जबरदस्तीने हलवलेल्या लोकांसाठी वसवलेली वस्ती. तिथली कपाना म्हणजे उघड्या जाळीवर भाजलेलं गोमांस, भाजणारा सुऱ्याने लांब पट्ट्या कापून पुढ्यात ढकलत राहतो. जाळीवरून थेट बोटांनी उचलायचं, लाल तिखट-मिठाच्या ढिगात बुडवायचं. आमच्यातले दोघे गोमांस खात नाहीत. त्यांनी शेजारणीकडचे गरम फॅटकेक, म्हणजे तळलेले आंबवलेल्या कणकेचे गोळे, आणि टोमॅटो-कांद्याची कोशिंबीर घेतली, तेही त्याच तिखटात बुडवून. मांस भाजणाऱ्याने हरकत घेतली नाही, उलट तिखटाचा ढीग त्यांच्याकडे सरकवला. दुपारी बारा ते दोन गर्दी असते, तेव्हाच जा, कारण मांस ताजं असतं. सुटे पैसे न्या, कार्ड चालत नाही. रॉकेलच्या वासाच्या जवळपासचा भाजणारा टाळा, लाकडावर भाजणाऱ्याकडे उभे राहा, आणि रांगेत सर्वात जास्त टॅक्सीवाले जिथे असतील तिथेच थांबा.